हिकरीची साल सुटते तेव्हा

लॉरेल फोर्क, केंटकी
१६ एप्रिल १९६१

अर्लीन,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र चुलीत टाकशील असं शेजारचा इनॉस म्हणतो. मी म्हटलं, टाकणार नाही. तुझ्या बहिणीच्या घरी गॅसची शेगडी आहे, चूल नाही.

हे पत्र डेल्बर्टसाठी लिहीत नाही, हे आधी सांगून टाकते. तो माझा मुलगा आहे आणि त्याने केलं ते केलं. मॉडीनला घेऊन तो खाणीच्या चाळीत राहतो. तू नवऱ्याला सोडून गेलीस यात मला काही चूक दिसत नाही. मी असते तर जाताना त्याचे बूटही नदीत टाकले असते. तेवढ्यावर तो विषय संपला.

लिहायचं कारण वेगळं. हिकरीच्या झाडांना पान फुटायला लागलंय. काल टेकडीवर जाऊन एका फांदीला नख लावून पाहिलं, साल हलली. आठ-पंधरा दिवसांत सुटायला लागेल. दरवर्षी या दिवसांत आपण दोघी वर असायचो. मी झाड निवडायचे, तू सोलायचीस. या वर्षी मी एकटी आहे, आणि मला येतं, म्हणून काळजीचं कारण नाही. तुझ्या आधी पंचवीस-तीस वर्षं मी एकटीच सोलत होते.

फक्त एवढंच की या वर्षी काम मोठं आहे. नदीपलीकडच्या शाळेने नवं जेवणघर बांधलंय. त्यांना खुर्च्या हव्यात, सगळ्या आपल्या. इनॉस सांगाडे करतो आहे, बैठका मी सालीच्या पट्ट्यांनी विणायच्या. शाळा उघडायच्या आधी दिल्या नाहीत तर ते लोखंडी घडीच्या खुर्च्या आणणार. त्या आल्या की परत कोणी इनॉसकडे आणि माझ्याकडे येणार नाही, हे कळायला फार शहाणपण लागत नाही.

तुझा सुरा खुंटीला आहे. धार लावून ठेवली आहे. गंज चढू नये म्हणून, दुसरं काही नाही.

ऑर्फा नेपियर


१४ मे

अर्लीन,

तुझं उत्तर पोचलं. “कृपा करून मला पत्रं पाठवू नका.” एका ओळीसाठी पूर्ण तिकीट लावलंस. पहिलं पत्र वाचलंस एवढं त्यावरून समजलं, म्हणून दुसरं लिहिते.

मंगळवारी पहिलं झाड पाडलं. वळणावर सरळसोट उभी होती ना, मांडीएवढी जाड, वरपर्यंत फांदी नाही, तीच. इनॉस करवतीचं एक टोक धरायला आला. दर दहा ओढींनंतर कंबर धरून म्हणायचा, “ऑर्फा, जरा गप्पा मारू या.” मी म्हटलं, “गप्पा मारायला तुला झाड पाडायलाच कशाला लागतं?” शेवटी पडली. ओंडक्यांवर आडवी टाकली, वरची खडबडीत साल सुऱ्याने तासली. आतली पिवळट साल दिसली, तेव्हा तो वास आला. तुला तिकडे लाँड्रीत काम करताना तो आठवतो का, माहीत नाही. ओला, गोडसर, काकडी चिरल्यासारखा.

पट्ट्या सोलायला लागले. पहिली अर्ध्यात तुटली. दुसरीपण. तुझ्या हातातून बुडापासून शेंड्यापर्यंत एकसंध निघायची, गुंडाळी करून खांद्यावर टाकायचीस. माझा अंगठा आता मध्येच घाई करतो. इनॉस म्हणाला, “अर्लीन असती तर...” मी त्याला पाणी आणायला पाठवलं.

तरी पुरेशी निघाली. माळ्यावर टांगली आहे. खोडाचे इनॉसला कुऱ्हाडीचे दांडे झाले, ढलप्या मांसाला धूर द्यायच्या खोलीत टाकल्या. बुंधा जमिनीलगत कापला आहे, धुमारे फुटतील. पुढच्या वर्षी त्यातला एक ठेवायचा, बाकीचे खुडायचे. हे तुला सांगायला नको, तुलाच मी शिकवलं.

मागच्या शरद ऋतूत तू जाळीखाली पेरलेल्या बियांपैकी बऱ्याच उगवल्या. वर बोटभर दिसतात, खाली मुळं हातभर गेली असतील. खारींना जाळी उचकटता आली नाही. तू बांधलेल्या गाठी आहेत, मलाच सोडवता आल्या नाहीत.

ऑर्फा


१८ जून

अर्लीन,

या वेळी तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे “पाठवू नका” असंही लिहिलं नाहीस. मी ते हिशेबात धरलं.

इथे एक प्रकार झाला तो सांगते. गुरुवारी मी पट्ट्या भिजत घालत होते तर वर टेकडीवर माणसांचा आवाज. जाऊन पाहते तर एक टोपीवाला गृहस्थ रंगाचा डबा घेऊन झाडाझाडावर निळा ठिपका देतोय. बरोबर डेल्बर्ट. झऱ्याजवळच्या झिपऱ्या हिकरीवरसुद्धा ठिपका. जिच्या फळांचा गर काढून तू नाताळचा केक करायचीस, तिच्यावर.

मी विचारलं, “काय चाललंय?”

टोपीवाल्याने टोपी काढली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “बाई, आमची कुऱ्हाडीच्या दांड्यांची गिरणी आहे. तुमच्या मुलाने सगळी टेकडी देऊ केलीय. असं पांढरं लाकूड हल्ली मिळत नाही.”

“टेकडी त्याची नाही.”

तो डेल्बर्टकडे बघायला लागला. डेल्बर्ट जमिनीकडे.

“माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलीय,” मी म्हटलं. “तुमचा रंग वाया गेला याचं वाईट वाटतं. खाली या, कॉफी घेऊन जा.”

तो आला, मक्याचा पाव खाल्ला, इनॉसच्या खुर्चीत बसला, उठताना बैठकीवरून हात फिरवला आणि गेला. डेल्बर्ट मागे राहिला. अर्लीन, तो काय म्हणाला ते तुला जसंच्या तसं सांगते, कारण त्यात एक गोष्ट खरी होती.

“आई, तू सत्तरीला आलीस. तुझ्यामागे वर जाऊन कोण सोलणार? मी? मला सुरा धरता येत नाही, आणि मला तो धरायचाही नाही. इनॉसला मूल नाही. ती तर गेली. झाडं म्हातारी होतील आणि आतून पोकळ होऊन पडतील. त्यापेक्षा कोणाच्या हातात कुऱ्हाड होऊन गेलेली काय वाईट?”

“ती गेली की तू घालवलीस?”

“तेच ते.”

“तेच ते नाही,” मी म्हटलं. तो गेल्यावर मी टर्पेंटाइन आणि फडकं घेऊन वर गेले, सगळे ठिपके पुसले. झिपरीचा ठिपका पुसायलाच लागला नाही. सालीचा तो पापुद्राच सुटा होता, ओढला नि निघाला.

खुर्च्या चालू आहेत. नागमोडी वीण घालते आहे, तुला आवडते ती.

ऑर्फा


३० जुलै

अर्लीन,

अक्षर वाकडं आहे, निब खराब झालीय. दुकानातून नवी आणायची आहे.

इकडे सगळं ठीक. घेवडा भरपूर आला. पाऊसही बरा. तुझ्या बहिणीला मुलगी झाली असं टपालवाली म्हणाली, तिला माझे आशीर्वाद सांग. नाव काय ठेवलं? आमच्याकडची नावं ओहायोत चालत नाहीत म्हणे.

खुर्च्या हळूहळू होताहेत. सांगाडे सगळे तयार आहेत, व्हरांड्यात रांगेने उभे, बैठका नसलेले. इनॉसचा कुत्रा त्यातून आरपार उड्या मारतो. शाळेच्या बाईंचा निरोप आला होता, “वेळेवर होतील ना?” मी हो सांगितलं.

झाड सोलायला अजून चार दिवस आहेत, मग साल धरून बसेल. माळ्यावर आहे ती पुरेल असं वाटतं.

आज एवढंच. हात दुखतो म्हणजे लिहून लिहून दुखतो.

ऑर्फा


२० ऑगस्ट

अर्लीन,

तर इनॉसने तुला कार्ड टाकलं. मी त्याला टाकू नको म्हणून सांगितलं होतं आणि तो “बरं” म्हणाला होता. चाळीस वर्षांच्या शेजारात त्याने माझं एकदाच ऐकलं नाही, आणि त्यासाठी त्याने हाच दिवस निवडला.

हो, मनगट मोडलं. उजवं. जुलैच्या सुरुवातीला ओल्या ओंडक्यावरून घसरले. सोललेली हिकरी साबणासारखी असते, तुलाच किती वेळा ओरडले आहे. आधीचं पत्र डाव्या हाताने लिहिलं होतं, हेही. निब चांगली आहे.

आता तुझ्या तीन ओळींबद्दल. “किती बैठका राहिल्या? साल किती आहे? शनिवारच्या बसने येते, डेल्बर्टला कळवू नका.” तुझी पत्रं वाचायला वेळ लागत नाही, हे मला आवडतं.

अर्ध्याहून जास्त राहिल्या आहेत. साल भरपूर आहे, पण मी सोललेली आहे, म्हणजे तुकडे आहेत. गाठी मारून चालवावं लागेल. गाठी खालच्या बाजूला घे, नाहीतर मुलांच्या पायांना लागतील. डेल्बर्टला मी सांगणार नाही. पण या खोऱ्यात बसमधून उतरलेलं माणूस घरी पोचायच्या आधी बातमी पोचते, ते माझ्या हातात नाही.

उपकार म्हणून येत असशील तर येऊ नकोस. खुर्च्यांसाठी येत असशील तर ये. तुझी खोली झाडून घेतली आहे. एका हाताने, म्हणून कोपऱ्यांत बघू नकोस.

ऑर्फा


१५ ऑक्टोबर

अर्लीन,

तू खुर्च्या पुऱ्या करून ओहायोला परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, पण प्लास्टर काढलं आणि हात म्हणजे लाकूड झालाय. डॉक्टर म्हणतात लिही, तेवढाच व्यायाम. तेव्हा हे औषध समजून वाच.

शाळेच्या बाई स्वतः आल्या होत्या. जेवणघरात मुलं खुर्च्यांवर बसतात, मागे रेलतात, दोन पायांवर झुलतात, आणि एकही कुरकुरत नाही, असं म्हणाल्या. कुठल्या बैठका माझ्या, कुठल्या तुझ्या, ते त्यांना ओळखता आलं नाही. मला एका नजरेत कळतं. तुझ्या कडा माझ्यापेक्षा घट्ट आहेत. हे मी तोंडावर सांगितलं नव्हतं, कारण तू विणत होतीस, आणि विणणाऱ्याला कौतुक केलं की त्याचा ताण ढिला पडतो.

डेल्बर्ट आला त्या दुपारची एक गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण तुझी मान खाली होती. तो दारात येऊन उभा राहिला. मॉडीन इंडियानाला निघून गेल्याचं तुला इनॉसने आधीच सांगितलं असेल. तो म्हणाला, “अर्लीन, झालं गेलं सोड. घरी ये.” तू मान वर न करता म्हणालीस, “डेल्बर्ट, बाजूला हो, उजेड अडतोय.”

आणि तो झाला बाजूला. मी त्याचा चेहरा बघत होते. मला वाटलं होतं चिडेल. पण तो बराच वेळ तुझे हात बघत राहिला, लहानपणी माझे बघायचा तसा. मग बादली उचलून झऱ्यावरून पाणी आणून ठेवलं आणि गेला. तू ते पाणी पट्ट्या भिजवायला वापरलंस. मी पोटात दुखतं म्हणून आत गेले होते ना, ते पोट नव्हतं. माझा मुलगा आहे तो.

आता मुख्य गोष्ट. मी मागच्या सोमवारी इनॉसच्या गाडीतून कोर्टात गेले आणि टेकडी तुझ्या नावावर केली. सगळी. वळणापासून वरच्या कड्यापर्यंत, झरा आणि झिपरी धरून. कागद सोबत आहे. त्यावर शिक्का आहे, म्हणून चुलीत टाकू नकोस.

कारकून पोरगाच आहे, हेन्स्लींच्या घरातला. त्याने विचारलं, “ही तुमची कोण?”

“सून.”

त्याने चष्मा वर केला. “ऑर्फाबाई, तिचा घटस्फोटाचा अर्ज याच टेबलावर आहे. महिन्याभरात निकाल लागेल. मग सून राहणार नाही.”

“मग तुला हवं ते लिही. नाव मात्र नीट लिही. ए आर एल, शेवटी ई.”

डेल्बर्टला मीच सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. घर माझ्यामागे त्याचं, खालचं शेत त्याचं, गाय आजच नेतो म्हणाला तरी त्याची. तो पायरीवर बसला होता. म्हणाला, “ती विकून टाकील.”

“टाकू दे. तिची आहे.”

“तुला वाईट वाटणार नाही?”

“वाटेल,” मी म्हटलं. “पण ज्याला सोलता येतं त्याने विकली तर त्याला कारण असेल. ज्याला येत नाही त्याने विकली तर नुसता कंटाळा असतो.” तो हसला. बऱ्याच महिन्यांनी. जाताना त्याने व्हरांड्याची हलणारी फळी ठोकून दिली. न सांगता.

तेव्हा तुलाही तेच. या कागदाला शेपूट नाही. इथे येऊन राहा असं मी म्हणत नाही, डेल्बर्टला माफ कर असं म्हणत नाही, माझी सेवा कर असं तर मुळीच म्हणत नाही. मला अजून दोन हात आहेत, त्यातला एक आळशी झालाय इतकंच. विकायची तर वीक. तू विकलीस तर त्या टोपीवाल्याला वीक, तो कॉफी पिऊन कप धुऊन ठेवून गेला होता.

निकाल लागला की मला काय म्हणायचं असा प्रश्न तुला पडेल. ऑर्फा म्हण. सगळे म्हणतात.

ऑर्फा


हॅमिल्टन, ओहायो
११ मार्च १९६२

सासूबाई,

कोर्टाने मला नवऱ्यापासून मोकळं केलं. कागद दोनदा वाचला. सासूबद्दल त्यात एक ओळही नाही, म्हणून ते आहे तसंच चालू ठेवते.

तुम्हाला पाच महिने उत्तर पाठवलं नाही. टेकडीचा कागद मी बहिणीच्या कपाटात ठेवला आणि रोज ठरवलं की उद्या परत पाठवायचा. मला वाटलं, या बाईने मला दोरीने बांधलं. मग नाताळात आमच्या जिन्याखाली राहणाऱ्या फुगेट आजीकडे गेले. तिच्याकडे गावाहून आणलेली एक खुर्ची आहे, बैठक फाटलेली, वर फळी टाकून बसते. मी म्हटलं, ही मी विणून देते. मागच्या वेळी पिशवीत थोडी साल आणली होती, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. विणून दिली. आजी त्यावर बसली आणि उठेचना. दुसऱ्या दिवशी तिची भाची आली, मग वरच्या मजल्यावरचे नोबल आले. या गल्लीत निम्मी माणसं आपल्याकडची. कारखान्यात जातात, आणि प्रत्येकाच्या घरी एक फळी टाकलेली खुर्ची आहे. किराणावाल्याने काचेवर माझं कार्ड लावू दिलंय. साल संपली, लोक थांबले आहेत.

म्हणून टेकडी विकत नाही.

लाँड्रीतून मे आणि जून सुट्टी मागितली. मुकादम नाही म्हणाला. मग मी नोकरीच सोडते म्हटलं, तेव्हा हो म्हणाला. मेव्हण्याचा ट्रक घेऊन येते. दोन महिने तुमच्याकडे राहीन, साल इकडे आणीन, बाकीचं वर्ष इथे विणीन. हे मला जमेल. याहून जास्त विचारू नका. डेल्बर्ट पाणी आणून ठेवत असेल तर ठेवू दे. जेवायला थांबवू नका.

आता नीट ऐका, टेकडी माझी आहे म्हणून सांगते. मी येईपर्यंत एकाही झाडाला करवत लावायची नाही. वरच्या उतरणीची झाडं या वर्षी पाडायची नाहीत, ती अजून बारीक आहेत, तुम्हाला घाई असते. मागच्या वर्षीच्या बुंध्याचे धुमारे मी खुडीन, तुम्ही नेहमी चुकीचा ठेवता. जाळी काढू नका. झिपरीखाली गोणभर फळं साठवली असतील तर त्यातली पाण्यात बुडणारी, म्हणजे आतून भरलेली, बाजूला काढा, यंदा झऱ्याच्या पलीकडच्या उघड्यावर पेरू. त्यांना सोलण्याजोगी साल येईल तेव्हा मी तुमच्या वयाची असेन. चालेल मला.

तुमच्या हातात सुरा मिळणार नाही. तुम्ही ओंडक्यावर बसायचं, सुक्या ओंडक्यावर, आणि माझ्या चुका काढायच्या. इनॉससमोर जरा हळू आवाजात काढा.

अर्लीन